उलटा राहिलेला दगड

शुक्रवार, १७ एप्रिल
मोठी ओहोटी. ऑर्मो शिंपले सहाच मिळाले. शेवटचा मोठा दगड उलटवला आणि शिंपले सोडवायची आकडी हातातून सटकली — गुल्वेनने लाल दोरा गुंडाळून दिलेली! तेवढ्यात पाणी चढलं, पळाले. आकडीसाठी रडू आलं. नवरा गेल्यापासून त्याची तेवढीच वस्तू रोज हातात असायची.
दगड परत होता तसा पालथा घातला ना? घातलाच असणार. लहानपणापासूनची सवय.

शनिवार, १८ एप्रिल
नाही घातला.
बेकरीत रोझेन सांगत होती, "अगं सोआझिग, आज ओहोटीला पाहिलं, खडकाच्या टोकाचा मोठा दगड उलटा! खाली चिकटा मासा होता, अंड्यांवर बसलेला. उन्हात सुकून मेला बिचारा, पण जागचा हलला नाही. आणि तो पॅरिसवाला तिथंच वाकलेला!"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. दगडांच्या बाबतीत गावात माझाच शब्द चालतो. मी म्हणाले, "पॅरिसच्या लोकांना दगड म्हणजे नुसता दगड!" सगळे हसले. मीही.
परवाच हे पॅरिसवाले मस्यू देल्मास पुस्तकात बघून सांगत होते, हा मासा स्कॉटलंडपासून मोरोक्कोपर्यंत सापडतो. मी फटकारलं होतं, "त्याला मोरोक्को काय करायचाय? एका दगडाची खालची बाजू, एवढंच त्याचं जग." मोठी शहाणी मी!

रविवार, १९ एप्रिल
जाऊन आले. दगड कुणीतरी नीट पालथा घातलाय. जरा उचलून पाहिलं. अंडी पांढरी पडलीत. आकडी नाही.

मंगळवार, २१ एप्रिल
गावच्या सभागृहात बैठक. देल्मासना यापुढे ओहोटीला आपल्यासोबत न्यायचं नाही, असं ठरत होतं. दोन वर्षं झाली, बिचारे आमच्यात बसायला धडपडतायत. ते उभे राहिले. कान लाल. "माझ्याकडूनच राहिला असेल. माफ करा." माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.
तोंड उघडायचं होतं. कॉफीच्या वाडग्यात बघत बसले. लाज वाटते. घरी येऊन जेवलेसुद्धा!

बुधवार, २२ एप्रिल
सकाळी दार उघडलं तर देल्मास. "दगड सरळ करताना खाली सापडली," म्हणाले. खिशातून काढून हातात ठेवली. थांबले नाहीत.
लाल दोरा.
म्हणजे काल माफी मागताना ती त्यांच्या खिशातच होती.