दुसऱ्या ओळीतली चुनखडी

कायझर्सलाउटर्न,
रविवार, ९ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांना स्वानंदीचा नमस्कार.

पाकीट बघून दचकला असाल. मेसेजवर भागवणारी मुलगी एकदम कागदावर कशी, असं आईही विचारेल. तिला सांगा, इथे थंडी अजून आहे, मी वेळेवर जेवते आणि तिनं दिलेला मेतकुटाचा डबा संपत आलाय. बाकीचं पत्र तिला वाचून दाखवू नका.

हे पोचायला बारा-पंधरा दिवस लागतील. मला तेच हवंय. फोनवर तुमचा आवाज ऐकला असता तर मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता. बारा वर्षं आपण दोघं तेच तर करतोय.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. इथून दीड तासावर सीमा ओलांडली की फ्रान्समधला आल्सास लागतो. पांढऱ्या वाइनचा मुलूख. तिथे दर्जा माणसाला नाही, जमिनीला मिळतो. आपल्याकडे जिरायत-बागायत असते तसं काहीसं, फक्त ते बाटलीवर छापतात. सगळ्यात वरचा दर्जा ग्रां क्रू, तसे एकावन्न भाग आहेत. त्याखालची पायरी म्हणजे प्रीमिए क्रू, ती आता गावं मागतायत. अशाच एका गावानं आपल्या उताराच्या मातीचा नकाशा आमच्या इन्स्टिट्यूटकडून करून घेतला. खड्डे घेतले मी. चोवीस खड्डे, सहा-सहाच्या चार ओळी. चुनखडी निघेल तो मळा रेषेच्या आत, नुसती चिकणमाती निघेल तो बाहेर.

दुसऱ्या ओळीच्या पूर्वेच्या टोकाला मादाम ओडिलचा मळा आहे. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, तोंड फटकळ. तिला जर्मन येतं, त्यामुळे आमचं जमलं. पहिल्याच दिवशी तिनं मला स्वतःच्या वाइनचा घोट दिला (हो, चाखते मी, कामच आहे ते) आणि विचारलं, "दगड लागतो की नाही जिभेला?" चुनखडीवरच्या वाइनला दगडाची चव येते म्हणतात; पन्नास वर्षं ती येईल त्याला हेच विचारत आलीये. मळ्याला दर्जा मिळाला तर मी पुढे चालवीन, असं भाच्यानं तिला कबूल केलं होतं.

नकाशा झाला. तिचा मळा रेषेबाहेर गेला आणि त्याच ओळीच्या पश्चिम टोकाचा, एका मोठ्या उत्पादकाचा मळा आत आला. मला वाटलं ती भांडेल, निदान माझ्या प्रोफेसरांना दोन शब्द सुनावेल. कसलं काय. "आल्झो, बरं तर," म्हणाली, "यंत्रं कशाला खोटं बोलतील? मीच इतकी वर्षं स्वतःला फसवत होते." भाच्यानं अंग काढून घेतलं. आता ती स्वतःची वाइन पीत नाही. मंगळवारी वेली उपटायचं यंत्र येणार आहे.

बाबा, तिची जीभ बरोबर होती. नकाशा चुकलाय. मी चुकवलाय.

लहानपणी मी तुमच्याबरोबर जमिनीच्या मोजणीला यायचे, तेव्हा तुम्ही शिकवलं होतं, आकडे टाकायचे ते नांगर फिरतो तसे. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, तिथेच वळून दुसरी उजवीकडून डावीकडे. उगाच पायपीट करायची नाही. मातीच्या पिशव्यांवर मी तसेच आकडे टाकले. हात आपोआप गेला. इथल्या तक्त्यात मात्र प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होते. दुसरी आणि चौथी ओळ उलटी बसली. चौथीत सगळी चिकणमातीच, तिथे बिघडलं नाही. दुसरीत ओडिलची चुनखडी त्या उत्पादकाच्या नावावर गेली.

हे मला काल कळलं असं लिहिणार होते. खोटं आहे ते. पाच आठवडे झाले. जुने फोटो चाळताना तिच्या शेडपाशी ठेवलेली सात नंबरची पिशवी दिसली. तक्त्यात सात नंबर पश्चिमेच्या टोकाला आहे. सप्टेंबरात माझा करार संपतो. त्यावर इथे राहायचा परवाना, आउफेनथाल्ट्सटिटेल, अवलंबून. थीसिसचं मुख्य प्रकरण म्हणजे हाच नकाशा. प्रोफेसर भेटले की "झेअर गुट", फारच छान, म्हणतात. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ओळखीचं वाटलं ना हे? मी बारावीत असताना तुम्ही आपणच अर्ज करून कळवलंत की दोन वर्षांपूर्वीची मोजणी तुमच्या हातून चुकली होती. अकरा महिने निलंबन. कचेरीतले हसले, आई कुणाकडे जाईनाशी झाली. मी भरल्या ताटावरून उठून ओरडले होते, "तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" तुम्ही एवढंच म्हणालात, "ज्याचा बांध सरकला त्याला कळलं असतं, तर त्यानं विचारलं असतं." मला तो शुद्ध मूर्खपणा वाटला. पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत वाटत होता.

उद्या सकाळच्या गाडीनं तिच्याकडे जातेय. प्रोफेसरांना मेल लिहून ठेवलीये, पाठवायचं धाडस होत नाहीये. मला फार भीती वाटतेय, बाबा.

सोमवार, १० मार्च, परतीच्या गाडीची वाट बघत

पत्र पेटीत टाकलं नव्हतं, पर्समध्येच होतं.

सकाळी गाडीत बसल्यावर प्रोफेसरांना मेल पाठवली. पण मंगळवारी पाऊस सांगितलाय म्हणून यंत्र आजच आलं होतं. मी पोचले तेव्हा वेली मुळांसकट ढिगात पडलेल्या. सतरा रांगांपैकी तीन उभ्या होत्या. मी धावत यंत्रापुढे जाऊन उभी राहिले. चालकानं शिव्या घातल्या. ओडिल काठी टेकत आली. तिला सगळं सांगितलं, नांगराचंसुद्धा.

"म्हणजे दगड होता?" तिनं विचारलं.

"होता."

"मला लागत होता तो हाच?"

"हाच."

तिनं हात वर करून चालकाला यंत्र बंद करायला लावलं. ढिगातलं एक मूळ उचलून त्याची माती अंगठ्यानं पुसली. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"काल कळलं" म्हटलं असतं तर तिनं मला घरात घेतलं असतं, कॉफी दिली असती. मी खरं सांगितलं.

"पाच आठवडे," ती म्हणाली. "तेव्हा सगळ्या उभ्या होत्या." आणि पाठ फिरवून त्या तीन रांगांकडे निघून गेली. मी बराच वेळ फाटकापाशी उभी होते. तिनं वळून बघितलं नाही.

प्रोफेसरांचं उत्तर आलंय, एका ओळीचं. उद्या नऊला भेटायचं आहे.

बाबा, ज्याचा बांध सरकला होता त्या माणसाला तुम्ही जाऊन सांगितलंत, तेव्हा तो काय म्हणाला? बारा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आता विचारतेय. पत्र मिळाल्यावर उत्तर लिहीत बसू नका, फोन करा. हवापाण्याचं बोलणार नाही.

पाच आठवडे उशिरा पोचलेली,
तुमची
स्वानंदी