पांढरे ठिपके

५ जानेवारी
आज चोरखमाऱ्याला पोचले. हेमेंद्र स्वतः गोंदिया स्टेशनवर न्यायला आला होता. ड्रोनच्या प्रशिक्षणात आम्ही एकाच खोलीत घोकंपट्टी केली, आता त्यानेच हे काम मिळवून दिलं: तलावावरच्या पाहुण्या पक्ष्यांची गणती. मुक्काम त्याच्या ओळखीच्या शेतकरी जोडप्याकडे, शालीकरामभाऊ आणि जमुनाबाईंकडे. धान घरात आलंय, अंगणात तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास आहे. तलाव बघून मी बराच वेळ बांधावरच बसले.
तलाव अभयारण्याला लागून आहे, तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवणं गुन्हा आहे, म्हणून आधी तेच विचारलं. हेमेंद्रने मोबाइलवर शिक्क्याचा कागद दाखवला. म्हणाला, कटकट माझी, तू फक्त उडव.

८ जानेवारी
पहिल्याच फेरीला सगळी बदकं एकदम उठली. वाईट वाटलं, ड्रोन उंच घेतलं. हेमेंद्र म्हणाला, पाणी राहू दे, जंगलाकडे ने, उष्णतेचा कॅमेरा लाव. जनावरंही गणतीत आहेत म्हणे. पहाटेच्या गारठ्यात पडद्यावर काळं रान आणि त्यात पांढरे ठिपके, चितळांचे. फार सुंदर दिसतं.
जमुनाबाई चुलीपाशी म्हणाल्या, "कायले उडवून राहिली तू ते? जिकडं उडवते, तिकडं मंग काईच नाही राहत." मी हसले.

११ जानेवारी
वाघीण! नाल्याकाठी बांबूत, पोटाशी दोन छोटे ठिपके. हेमेंद्रने आज प्रथमच नेमकी जागा मागून घेतली.

१३ जानेवारी
वाघीण मेली. नाल्याच्या पायवाटेवर विजेची उघडी तार टाकली होती. शालीकरामभाऊ बघून आले. पंजे कापून नेलेत. पिल्लांचा पत्ता नाही.
हेमेंद्रकडे तो कागद पुन्हा मागितला. नीट वाचला. दुसऱ्याच जिल्ह्याचा, लग्नाच्या चित्रीकरणाचा.
तो शांतपणे म्हणाला, "ड्रोन तुझ्या नावावर आहे, आचल. नंबर तुझा, लायसन्स तुझं. मी कुठे आहे यात?"
रात्रभर त्याचा तो आवाज कानात. चिडलाही नाही.

१४ जानेवारी, सकाळ
खोलीतून ड्रोन गेलंय. रस्त्याच्या वळणावर दोन अनोळखी माणसं मोटारसायकल लावून उभी. फोनला रेंज नाही. वनरक्षकांच्या चौकीवर जाऊन सगळं सांगणार, मला आत टाकलं तरी चालेल. जमुनाबाई रडायला लागल्या, कारण सांगेनात. भाऊंनी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेची आडवाट दाखवली. म्हणाले, ही कोणालेच माहीत नाही.

नंतर
वर ड्रोन. माझंच. तो घरघराट मी झोपेतही ओळखेन. झाडाखाली थांबले, तेही थांबलं. पळाले, ते मागे. त्याच्या पडद्यावर आता मी, पांढरा ठिपका —
वाटेखालून जाणाऱ्या नहराच्या मोरीत शिरलेय. सिमेंटखाली अंगाची ऊब दिसत नाही. गुडघाभर पाणी, गार.

घरघर बंद. बॅटरी संपली असेल —
पण ते सरळ इकडेच कसं आलं? मी निघाल्याबरोबर? ही वाट तर —

वरून हाक आली. शालीकरामभाऊ.
"बाई, निंघ बाहेर. मी आहो."
किती मायेने बोलतात. जमुनाबाई म्हणून रडत —
भाऊंच्या मागे आणखी बूट वाजतायत. हेमेंद्र हळूच सांगतोय, मोरीच्या दोन्ही तोंडांशी तार टाका, पाण्यात —