तुमच्या भावाने कोट धुतला

ती. वन्सं,

उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घ्या. (वाकून केला असता, पण माझ्या कंबरेने गेले काही आठवडे असहकार पुकारला आहे. एकदा वाकले की उठवायला तुमच्या भावाला हाक मारावी लागते, आणि त्यांना हाक मारायची नाही असं सध्या ठरलं आहे. का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? भावोजी अजून तुमची पाठ वळली की साखरेचा डबा उघडतात का? उघडत असतील तर मी सांगितलं असं म्हणू नका, मागच्या वेळी त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता.

तुमची तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, याचा राग येणं साहजिक आहे. आता तिन्हींचं एकदम देते. बिबट्याच्या पिल्लांना मांडीवर घेतलेला माझा फोटो मिळणार नाही. ती माझ्या हातून काही खात नाहीत, हातच खातात. आणि सुट्टीत नातवाला त्यांच्याशी खेळायला आणायचं म्हणता, तर ते मनातून काढून टाका. अभयारण्य म्हणजे बाग, आणि मी तिथली झोपाळा हलवणारी बाई, असा तुमच्याकडे समज झालेला दिसतो. तुमच्या भावाने करून दिला असणार.

खरं काय आहे ते सांगते. या पिल्लांची आई रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेली. पिल्लं रस्त्याखालच्या पाइपात सापडली, डोळे जेमतेम उघडलेली. आमच्या डॉक्टरांनी ती एका खोक्यात घालून आणली आणि दवाखान्यातल्या सगळ्या मदतनिसांमधून माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुम्हाला लहान मुलांची सवय आहे. सवय आहे हो. दोन मुलं वाढवून वसतिगृहात पाठवली, आता कुठे गरम चहा गरम असताना प्यायला लागले होते. पण त्या मुलांच्या वेळी, त्यांनी मला ओळखता कामा नये अशी अट नव्हती. इथे तीच मुख्य अट. दूध पाजायचं, पण माया लावायची नाही. नावं द्यायची नाहीत, म्हणून नर तो ‘एक’ आणि मादी ती ‘दोन’. पाजणारं माणूस एकच, त्याचा कोट एकच, तोंडावर फडकं आणि तोंडातून अक्षर नाही. कारण माणूस दिसला की पळून लपायचं, हे त्यांना यायलाच हवं. नाही आलं तर त्यांना जंगलात सोडत नाहीत. मग जन्मभर गजांमागे येरझारा आणि समोर शेंगदाणे खात उभी असलेली माणसं. म्हणजे मी जितकी परकी राहीन तितकं त्यांचं भलं. (आपल्या घरी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर मी अशीच वागत होते, तेव्हा तुम्ही मला शिष्ट म्हणाला होतात. आता त्याचाच पगार मिळतो.)

आता कोटाविषयी. तो कधी धुवायचा नसतो. पिल्लं त्या वासाला ओळखतात, माणसाला नाही. दूध त्यावर सांडतं, गवत त्याला चिकटतं, आणि बाकी जे काही व्हायचं तेही त्यावरच होतं. (या वयाच्या पिल्लांना पोटाखाली ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय शू होत नाही, आणि झाली की ती नेम धरून होते. आई जिभेने पुसते. डॉक्टरांनी फडक्याची सवलत दिली याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.) त्या कोटात मी एकदा घाईघाईने दुकानात गेले तर रांगेतली सगळी माणसं आपणहून बाजूला झाली. वाण्याने सामान बाहेर आणून दिलं आणि पुन्हा यायची तसदी घेऊ नका, घरपोच पाठवतो, म्हणाला.

हा कोट तुमच्या भावाने धुतला.

ज्या माणसाच्या स्वतःच्या कामाच्या कपड्यांना इतकं ऑइल असतं की ते खुंटीशिवाय उभे राहतात, अभयारण्याच्या गाड्यांखाली झोपून झोपून ज्याच्या पाठीचा नकाशा आमच्या चादरीवर उमटलेला आहे, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ज्याने स्वतःचा रुमाल पाण्यात बुडवला नाही, त्या माणसाला नेमकी त्या दिवशी बायकोची दया आली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात कोट भिजवला, घासला, दोनदा खळबळला, वर फुलांच्या वासाचं काहीतरी घातलं आणि दोरीवर वाळत घालून माझी वाट बघत उभे राहिले. चेहऱ्यावर असा आनंद, की तुमच्या घराण्यात तसा मी फक्त जावई पाहुणचार आटपून निघतात तेव्हा बघितला आहे.

पुढचं हसण्यासारखं नाही. मी गेले तर ‘एक’ने नाक मुरडून का होईना दूध घेतलं. तो पोटाचा भक्त आहे, भावोजींसारखा. ‘दोन’ मात्र कोपऱ्यात जाऊन फिसकारली आणि बाटलीकडे बघेना. दुसऱ्या दिवशीही तेच. वजन उतरलं, अंगातलं पाणी आटून कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली. डॉक्टर वजन बघून नुसते चष्मा पुसत बसले, ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटी कोट पिल्लांच्या जुन्या गवतात कोंबून ठेवला. ‘एक’ त्यावर मुतला तेव्हा मला जो आनंद झाला तो पोरांच्या निकालालाही झाला नव्हता. त्यानंतर कोट अंगात घालून बसले, तर ती सरपटत आली, बाहीचा वास घेतला आणि बाटलीला अशी लुचली की बूचच तोडलं. मी ओठ दाताखाली धरून बसले होते. आत मी एक शब्द काढलेला नाही, हे लक्षात ठेवा.

घरी मात्र काढले. त्या दिवसांत तुमच्या भावाला मी जे काही बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वासाने डोकं दुखत असेल असं वाटलं म्हणून धुतला, एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. आता ते भांडणही विझलं आहे. पिल्लं मोठी झाली, मांस फोडून खायला लागली. दवाखान्यामागच्या मोठ्या कुंपणात त्यांना हलवलं आहे, तिथे झाडं आहेत, लपायला गवत आहे, खाणं झडपेतून आत जातं आणि माणूस दिसत नाही. माझं काम संपलं. कोट जाळून टाकला. सकाळी उशिरापर्यंत झोपायला मोकळी आहे. सगळं उत्तम चाललं आहे. तुम्ही फक्त भावाला दोन ओळी लिहून खडसावा, एवढ्यासाठी हे पत्र. भावोजींना नमस्कार, नातवाला पापा.

तुमची,
भावजय

ता. क. : सगळं उत्तम चाललेलं नाही. आमची खोली दवाखान्याच्या भिंतीला लागून आहे आणि त्या कुंपणापासूनही फार लांब नाही, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ‘एक’ माणसाची चाहूल लागली की गवतात नाहीसा होतो. ‘दोन’ नाही होत. ती आमच्या खोलीच्या बाजूच्या जाळीपाशी येऊन कान उभे करून बसते. आम्हाला वाटलं माझा वास येत असेल. परवा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, तुम्ही साहेबांना बोलता ना, ते सगळं तिला ऐकू येतं. तुमचा आवाज आला की ती येते.” म्हणजे आत मी मुक्याने पाजलं आणि भिंतीपलीकडून सगळा संसार ऐकवला. ती अशी जाळीपाशी येत राहिली तर तिला सोडणार नाहीत. तिचा भाऊ सुटेल आणि ती पिंजऱ्यात राहील.

मी घरात गप्प राहून बघितलं, हाकसुद्धा मारायची नाही असं ठरवलं. तुमच्या भावाला ते फार आवडलं, त्यामुळे दुपारपर्यंतच टिकलं. नंतर मी शिंकले, तर तेवढ्यानेही ती आली.

म्हणून विचारते. ‘दोन’ माझा आवाज विसरून लपायला लागेपर्यंत मी तुमच्याकडे येऊन राहू का? महिना लागेल, दोन लागतील. मला माहीत आहे की आपलं दोन दिवसांवर कधी नीट जमलेलं नाही. तुम्ही म्हणाल तशा घड्या घालीन आणि तुम्ही पंखा बंद केलात तरी बोलणार नाही. नाही म्हणायचं असेल तर लवकर कळवा, मी दुसरीकडे बघीन.

ता. क. २ : भावाला खडसावू नका. माझी बॅग त्यांनीच भरून ठेवली आहे, तुमचा होकार येण्याआधीच, आणि कपडे सगळे इस्त्री करून. ते रोज लांबून कुंपणाकडे बघणार आहेत. ‘दोन’ दिसेनाशी झाली की त्याच दिवशी मला फोन करायचा, असं त्यांना बजावलं आहे. तो फोन आला की मला आनंद होणार आहे, हे नक्की. तुम्ही फक्त त्या वेळी मी कुठल्या खोलीत असेन तिथे थोडा वेळ येऊ नका.