लिरॉयच्या नावे तीन पिंपे

मी, व्हर्लिन काझमारेक, वय एकाहत्तर, राहणार मॅनिटोवॉक, विस्कॉन्सिन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर बोलताना माझ्याकडे न बघता फाइलकडे बघतात, म्हणून ही घाई.

१. घर, जमीन आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी ब्रिजेट हिला.

२. गॅरेजमध्ये घरची बिअर बनवण्याची तीन पोलादी पिंपे आहेत. बंद पडलेल्या कारखान्याकडून मी ती रीतसर विकत घेतली. तोंडे मी कापली, नळ मी बसवले. एकावर एक ठेवण्याचा सांगाडा धाकटा भाऊ लिरॉय याने वेल्डिंग करून दिला. वरच्यात पाणी तापते, मधल्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, भिजतो, खालच्यात उकळी येते. मधला नळ ठिबकतो. वायसर बदलावा, पान्याने आवळत बसू नये. लिरॉय आवळतो.

३. दोन हिवाळ्यांपूर्वी, बाहेर बर्फाचे वादळ असताना, आम्ही दोघे आणि ब्रिजेट उकळी काढत होतो. गॅसची शेगडी पेटली की गॅरेजचे मोठे दार उघडेच राहील, नाहीतर विषारी वायू कोंडतो, हा माझा नियम. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले आणायला मी आतल्या दाराने घरात गेलो. परतलो तर मोठे दार खाली, आतून कडी, ज्योत पिवळी. ब्रिजेट फरशीवर पडली होती. लिरॉय भिंतीला धरून ओकत होता. मी कडी काढून दार वर ढकलले आणि तिला बर्फात ओढले. तिचा श्वास चालू आहे की नाही, मला कळत नव्हते.

ती वाचली. रुग्णालयात लिरॉय म्हणाला, "वाऱ्यानं खाली आलं असेल."

"आणि कडी? तीही वाऱ्यानं लावली?"

"तुझ्या पोरीच्या जिवावर मी उठेन होय?"

तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

४. तरी पिंपे लिरॉयलाच. तो ती तळघरात मांडून खाली गॅस पेटवील, हे मी ओळखून आहे. म्हणून शेगडी मोडीत घातली आणि वरच्या व खालच्या पिंपाला विजेची कॉइल बसवून अर्थिंग तपासले. अट एकच: त्याने ब्रिजेटला खरे सांगावे. नाहीतर पिंपे भंगारात जातील.

५. वरील अट रद्द. हे कलम सहीपूर्वी जोडले आहे. आज सकाळी, माझ्या शस्त्रक्रियेचे कानावर आल्यावर, लिरॉय आला आणि टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला.

"दार मीच लावलं होतं, पोरी. थंडी वाजत होती, एवढंच."

ब्रिजेट म्हणाली, "माहीत आहे, काका. लावताना पाहिलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

तो खुर्ची ओढून बसला. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

साक्षीदार म्हणून सही करायची त्याची इच्छा होती. ज्याला मिळते त्याने सही करू नये, असे हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या. म्हणून तो बाहेर गाडीत बसला आहे. सोमवारी मला रुग्णालयात तोच नेणार आहे.

सही: व्हर्लिन काझमारेक
साक्षीदार: डोरिन हालबर्ग, शेजारीण
साक्षीदार: मिलार्ड ओस्ट, निवृत्त पोस्टमन
मॅनिटोवॉक, शुक्रवार, ११ फेब्रुवारी २०२२