मंगलीच्या चार ओळी

गडचिरोली,
५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईस,
रंजीताचा सा. न. वि. वि.

होस्टेलात फोन जमा करून घेतात आणि तुझ्या गावी टावर नाई, म्हणून पत्र. तब्येत बरी आहे. वांग्याची भाजी सोडून सगळं खाते.

विज्ञानाच्या बाईंनी मले प्रयोग दिला. चार डब्यांत मूग पेरले. एकाले साधं पाणी, एकाले लिंबाचं, एकाले चिंचेचं, एकाले साबणाचं. पाणी आंबट का साबणाचं हे ओळखायची युक्तीही शिकवली: जास्वंदीची फुलं गरम पाण्यात भिजवली का पाणी जांभळं होते. त्यात आंबट पडलं तर लाल, साबण पडला तर हिरवं. दहा दिवसांत साध्या पाण्याचे मूग वीतभर झाले, लिंबाचे उगवलेच नाई, चिंचेचे पिवळे पडून राह्यले, साबणाचे मधेच सुकले. आंबट जास्त झालं तर मुळं धड खाऊ शकत नाई, असं बाई म्हणाल्या. मी रोज मोजपट्टी घेऊन बसते, तर मुली मले तलाठीण म्हणतात.

तुमच्या बचत गटाची सागाची रोपं कशी आहेत? माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी रंजीता

आलापल्लीजवळून,
१४ फेब्रुवारी

चि. रंजीतास अनेक आशीर्वाद.

तलाठीणबाईचं पत्र पोचलं. वांगी खात जा, नाईतर तुलेच मोजपट्टी लावा लागेल.

रोपांचं काय सांगू? साऱ्यांची हिरवीगार, फक्त मंगलीच्या चार ओळी पिवळ्या. मंगली म्हणजे चैतूची बायको. तो पावसाळ्यात वारला. बाया म्हणून राह्यल्या का तिचा हातच वाईट. ठमाबाईनं तर परवा तिले झारी खाली ठेवायले लावली. मी गटाची अध्यक्ष, पण गप्प बसली. तिच्या ओळी वारुळाजवळ आहेत, म्हणून उधई-वाळवी लागू नये यासाठी मीच तिच्या पाण्याच्या ड्रममधे दर आठवड्याले चिंचेचा कोळ अन् पिळलेले लिंबू टाकते. तरी रोपं धरत नाई. काऊन, ते समजत नाई.

जपून राहा.

तुझी आत्या

गडचिरोली,
२० फेब्रुवारी

ती. आत्याबाईस सा. न. वि. वि.

रागावू नको. माझ्या चिंचेच्या डब्यात अन् तुझ्या ड्रममधे एकच पाणी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नको, जास्वंदीची फुलं भिजवून स्वतः पाहा. अन् खरं निघालं तर बायांसमोर सांग. तुले जड जाईल, हे मले समजते.

रागातही आशीर्वाद पाठवशील ना?

तुझी रंजीता

आलापल्लीजवळून,
३ मार्च

चि. रंजीतास अनेक आशीर्वाद.

तीन दिवस तुझ्यावर रागात होती. चवथ्या दिवशी एकटीनंच फुलं भिजवून पाहिलं. विहिरीचं पाणी टाकलं तर रंग तसाच, ड्रमचं टाकलं तर लालभडक. त्या दिवशी मले जेवण गेलं नाई.

रविवारी बायांसमोर पुन्हा केलं अन् सांगितलं, का चिंच मी टाकत होती, मंगलीचा यात काही दोष नाई. ठमाबाई म्हणाली का पाण्याचं समजलं, पण हाताचं कसं समजावं? तेव्हा मंगली उठली. महिन्याभरात पहिल्यांदा बोलली. तळहात पुढं करून म्हणाली का बाई, याच्यावरही जास्वंदीचं पाणी टाका.

मी टाकलं. जांभळं ते जांभळंच राह्यलं. मंगली हात तसाच धरून उभी होती, पाणी बोटांतून गळत होतं. मग ठमाबाई उठली अन् आपल्या पदरानं तिचा हात पुसला.

इथल्या साऱ्यांची तुझ्यावर माया आहे, तुझीही आमच्यावर राहू दे.

तुझी आत्या