पल्याडची सोयरीक

८ एप्रिल
नदी वाळली. वरच्या धरणाचे दरवाजे पल्याडच्या राज्यानं बंद करून ठेवले. त्यायच्या काठाले उन्हाळी धान हिरवंगार, इकडे माझा मक्का उभा जळला. मारोती म्हणे, "माय, आपण का दोन देश आहो असं भांडाले?" पोरगा माझा, पण अक्कल बापाची. म्हटलं, देश असतो त दोन्हीकडचे मोठे लोक चहा पेत बोलले तरी असते. आमच्यासाठी चहा कोण मांडते.

१५ एप्रिल
देवाजीच्या ओट्यावर बैठक. ठरलं का, ते पाणी देत नाई त आपण त्यायले पोरी द्याच्या नाई. तिकडे जाणारी पोरगी गावात एकच, माझी नात, मारोतीची सुनी. साक्षगंध झालेलं. पोरगा तिरुपती, धरणाच्या दरवाज्यावरच कामाले. सगळे माझ्या तोंडाकडे. देवाजीची बायको वच्छला ओरडली, "पाणी बंद करणारा जावई पाहिजे का तुले, बुढे?" म्हटलं, तोडली. मारोती आपल्या चपला पाहत बसला.

१६ एप्रिल
सुनी जेवली नाई. तेवढाच भात वाचला.
संध्याकाळी म्हणे, "पावसाळ्यात दरवाजे उघडाच्या आधी गावाले कोण सांगत होतं, आजी?"
सगळ्याले मालूम आहे. भोंगा त्यायच्या काठाले वाजते, इथी ऐकू येत नाई. तहसीलचा निरोप येते तवा पाणी ओसरलं असते. तिरुपती हिले फोन करे, मग ही गावभर ओरडत फिरे.
म्हटलं, तुया नवऱ्याच्या फोनावर नदी चालत नाई.
"नवरा कुठी ठेवला तू?"
जीभ माझ्यावर गेली.

२० जुलै
दरवाजे उघडले. सांगणारं कोणी नाई. देवाजीच्या बकऱ्या पात्रात चरत होत्या. वच्छला हाकलून आणाले धावली. बकऱ्या गेल्या. वच्छलाही.

२२ जुलै
वच्छला पल्याडच्या काठाले झुडपात अडकलेली सापडली. कागद कोण्या राज्यानं कराचे यावर दोन्हीकडचे पोलीस भांडले. तवापर्यंत ती दुपारभर चिखलात. अंगावर लुगडं नव्हतं. तिरुपतीच्या मायनं आपलं आणून टाकलं, डोंगा चालवणारा नावाडी सांगत होता. बैठकीत सगळ्यात मोठा आवाज वच्छलाचा होता. माझ्या आवाजाबद्दल कोणी बोलत नाई, बोलू बी नका.

३ ऑगस्ट
देवाजी आला, डोक्स भादरलेलं. मागं तेच सगळे, बैठकीतले. "बाई, सोयरीक जोडून घ्या. गावाले फोन पाहिजे."
सुनी आतून म्हणे, "मी का भोंगा आहो?"
म्हटलं, भोंग्याले साडी लागत नाई, तुले लागते. चूप.
रडली नाई. पोरगी माझ्यावरच...

१० ऑगस्ट
मी मारोतीले घेऊन पुलावरून पल्याड गेली. तिरुपतीची माय आमाले समजावं म्हणून हिंदीत बोलली. लड़की आज भी हमारी है, म्हणे. आपल्या हातानं भात वाढला. मले तो भात गिळाले जड गेला, त्यायचं धान, आमचं पाणी. खाल्ला. टाकून काय नदी भरते?
निघताना तिरुपती गाडीपर्यंत आला. म्हटलं, सोयरीक तोडली म्हणून गावाले मराले सोडलं ना तू?
पोट्टा मान खाली घालून म्हणे, "फोन केला होता, आजी. दरवाजे उघडाच्या आधीच. खूप वेळ वाजला. सुनीनं उचलला नाई."
मारोती डायव्हरशी बोलत होता. त्यानं ऐकलं नाई, बरं झालं.

१२ ऑगस्ट
देवाजी वाचलेली एक बकरी सुनीच्या नावानं बांधून गेला. तिच्या डोक्स्यावर हात ठेवून म्हणे, "बाई, पल्याड गेल्यावर आमचं पाह्यजो." ती त्याच्या पाया पडली.
तो गेल्यावर चुलीपाशी पुसलं, फोन वाजला होता का त्या दिवशी?
"तोडली होती ना तू."
पेज काढत होती. काढतच राह्यली.
तिनं ताट वाढलं, मी जेवली.
आभाळ भरून आहे. धरण चढून राह्यलं म्हणते. देवाजी उद्या लग्नाची तारीख पुसाले येते. त्याले तारीख सांगू, का फोन वाजल्याचं