वाघदेवापुढचे तांदूळ उचलायला आपण स्वतः यावे

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
खैरतळ रुग्णालय, ता. मुरबाड, जि. ठाणे.

विषय : जांभुळटेप पाड्यावरील अकरा पुरुषांनी आपल्या शब्दावर घेतलेली आण आपण समक्ष येऊन उतरवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पाड्यावरील भाषण, दि. १४ ऑगस्ट २०२३.
२) माझे मागील तीन अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

अर्जदार मी जांभुळटेपची आशा सेविका असून सविनय कळवते की,

१. आमच्यात बाळाची पाचवी घरीच पुजतात. त्यासाठी काचेच्या पेटीतले बाळसुद्धा पाचव्या दिवशी गुपचूप उचलून आणायची आमची जुनी खोड. अशी चार बाळे वाटेतच गेली. हा दोष आमचा, तो मी कबूल करते.

२. आपण नवजात अतिदक्षता कक्षात तीन बालरोगतज्ज्ञ पाळीने नेमलेत आणि पाड्यावर येऊन म्हणालात, "माझा डॉक्टर रात्रंदिवस बाळाजवळून हलणार नाही, तुम्हीही हलू नका." त्या शब्दावर मी अकरा जणांना वाघदेवापुढे मूठभर तांदूळ ठेवून आण घ्यायला लावली की, डॉक्टर स्वतः सांगेपर्यंत बाळ तिथून हलवायचे नाही. पुढच्या चौदा महिन्यांत आमची अपुऱ्या दिवसांची नऊ बाळे आपल्याकडे गेली आणि नऊच्या नऊ परत आली. बाळाचा श्वास दुपारी अडला तर दुपारीच डॉक्टर हजर असे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नसे. रखमीचा अकराशे ग्रॅमचा नातू आज कोंबड्यांमागे धावतो. मी पाड्यावर ताठ मानेने फिरत होते.

३. नोव्हेंबरात तिघांची मुदत संपली. आता एकच डॉक्टर, सकाळी नऊ ते एक, रविवारी सुट्टी. पेट्या त्याच, सिस्टर त्याच, दारावरची "चोवीस तास तज्ज्ञ डॉक्टर" ही पाटीही तीच. आम्हाला कोणी अवाक्षर सांगितले नाही.

४. दि. १९ जानेवारी, रविवारी सकाळी, आण घेतलेल्या नवसूच्या बायकोला, बारकीला, आठव्या महिन्यात मुलगी झाली. तिला श्वास घेता येईना. कविता सिस्टरांनी हातात होते ते सगळे केले आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितले. रुग्णवाहिका दारात उभी होती. नवसू म्हणाला, डॉक्टर सांगेल तर नेतो. डॉक्टरांचा फोन बंद. सिस्टरांनी त्याच्यापुढे हात जोडले, त्या रडल्या. त्याला वाटले, आपली परीक्षा पाहतात. तो दाराला पाठ लावून बसून राहिला. मी म्हसा गावच्या यात्रेत आरोग्याच्या कामावर होते. निरोप मिळताच धावले, पण अर्धा तास आधीच मुलगी गेली होती.

५. आपण मला फसवलेत, आणि माझ्या तोंडून माझ्या माणसांना फसवलेत.

६. मी आण उतरवायला गेले. वडीलधारे म्हणाले, "तू मधली गो. ज्याच्या शब्दावर घेतली त्यानंच तांदूळ उचलावं." कमळूची बायको चंदा याच महिन्यात बाळंत होईल आणि कमळू आणेने बांधलेला आहे. तरी तिन्ही डॉक्टर पुन्हा नेमल्याचे लेखी द्यावे. नाहीतर पाड्यावर येऊन, दुपारी एकनंतर डॉक्टर नसतो असे सर्वांदेखत सांगून तांदूळ उचलावेत. दोन्ही जमत नसल्यास चंदाने कोणत्या वारी, किती वाजता बाळंत व्हावे ते कळवावे. बाळाला समजावण्याचा मी प्रयत्न करीन.

७. नवसू मला दोष देत नाही. भेटला की मान वर करून सांगतो, "ताई, मी आण मोडली नाय. शेवटपर्यंत हललो नाय." त्याला काय उत्तर द्यायचे, एवढे तरी कळवावे.

आपल्या शब्दावर विसंबलेली,
रंजिता भगीरथ पारधी
आशा सेविका, जांभुळटेप
दि. ९ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) दारावरच्या पाटीचा फोटो. २) आण घेतलेल्या अकरा जणांची नावे.